काटा कुठं हाय?

“काटा तळाला टेकलाय, आई. हा बघ! आणि म्हणतेस अर्धी टाकी होती?”

पळस्पे फाट्यावर भर उन्हात शैलेश व्हॅनच्या खिडकीतून पेट्रोलच्या मीटरकडे बोट दाखवत होता. मागे सुकापूरच्या बायका सुक्या बोंबलांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून करंजा बंदराहून परतताना आई चालवत असलेली ही गाडी बंद पडली होती.

“बंद पडली तवा काटा अर्ध्यावर होता,” त्याची आई वेणू म्हणाली. “या बायांनी ढकलून कडेला घेतली, चाक खड्ड्यात आपटलं. तवाच पडला असंल.”

“काटा काय आंबा आहे, झाड हलवलं की पडायला? भामाकाकी, तुम्ही बघितला होता?”

“मी कशाला मीटर बघू? मी बोंबील सांभाळत होते.”

शैलेशने सोबत आणलेल्या कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, आईला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या लांब पायांसाठी ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. खट्ट, खट्ट. घरी पोहोचल्यावर त्याने किल्ली खिशात टाकली.

वेणूचा जन्म सुकापूरच्या बालवाडीत शिकवण्यात गेला. पाटी उलटी धरणाऱ्या पोरावर ती कधी ओरडली नाही. ती पोरालाच पाटीभोवती फिरवायची. निवृत्त झाल्यावर गाडी शिकली आणि ही जुनी व्हॅन घेतली. तेव्हापासून गावातल्या बायकांना बाजारासाठी कुणा पुरुषाची वाट पाहावी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशीही किल्ली शैलेशच्या खिशातच होती.

“संध्याकाळी गाडीला गिऱ्हाईक येतंय. तू विसरायला लागलीस, आई. उद्या हायवेवर काही झालं तर? वय झालं की होतं असं, त्यात लाज कसली?”

“लाज नाय वाटत. पन मी विसरलेली नाय.”

ती चपला घालून निघाली आणि नाक्यावरच्या गॅरेजमधून मेकॅनिक प्रणितला घेऊन आली.

“काकी, मागे एकदा पेट्रोल भरून मीटर तपासला ना आपण? काटा वर येतो.”

“वर येतो रे. खाली उतरतो का, ते बघितलंस?”

प्रणितने मान खाजवली. “ते कोण बघतं?”

“आपण बघू.”

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू तरंगतो, तसाच एक फ्लोट पेट्रोलच्या टाकीत असतो. पेट्रोल संपत आलं की तो खाली बसतो आणि तारेतून काट्याला तसं कळतं. प्रणितने मागची सीट उचलून तो फ्लोट दांडीसकट बाहेर काढला, टाकीचं तोंड फडक्याने झाकलं. तारा तशाच जोडलेल्या ठेवल्या. वेणूने दांडी हातात घेतली.

“शैलेश, किल्ली तुझ्याकडं हाय ना? मग तूच बस पुढं. मागं बघायचं नाय. काटा कुठं हाय तेवढं सांगायचं.”

एव्हाना भामा आणि बाकीच्या बायका फाटकाशी आल्या होत्या. शैलेश वैतागून बसला, किल्ली फिरवली.

वेणूने फ्लोट वर उचलला. “काटा?”

“फुल.”

तिने तो हळूहळू मध्यावर आणला. “आता?”

“अर्ध्यावर.”

मग तिने फ्लोट पार खाली सोडला. टाकीत थेंब नसावा तसा तो लोंबू लागला. “आता?”

“अर्ध्यावर.”

“नीट बघून सांग, बाळा. घाई नाय.”

“सांगितलं ना, अर्ध्यावर!”

“मोठ्यानं सांग. भामाला ऐकू जाऊंदे.”

“अर्ध्यावर आहे काटा!” शैलेश ओरडला, आणि मागे वळला. आईच्या हातात पार खाली लोंबणारा फ्लोट त्याला दिसला.

“आता काचेवर टिचकी मार.”

त्याने मारली. काटा थरथरला आणि सरळ तळाला गेला.

“पडला गं आंबा!” भामा फाटकातून ओरडली. बायका हसल्या. वेणू हसली नाही.

प्रणितने फ्लोट परत बसवला. “मीटर बदलावा लागेल, काकी.”

“बदल. तवर दर खेपेला आधी टाकी भरीन.”

“गिऱ्हाइकाला काय सांगू?” शैलेशने खालच्या आवाजात विचारलं.

“गाडीच्या मालकिनीला इचारलं नव्हतं म्हनून सांग.”

पेट्रोलचा वास येणारे हात पदराला पुसत वेणू ड्रायव्हरच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिने किल्ली मागितली नाही. शैलेश किल्ली तशीच लावलेली ठेवून उतरला. जाता जाता थांबला, वाकला आणि सीट पुढे ओढली.

खट्ट.

“अजून एक,” वेणू म्हणाली.

खट्ट.