पेटीवर तपासलेली प्रुफं

टेबलाखाली माझा पाय यांच्या पायावर टेकलेला होता. एकदा दाबला की बरोबर, दोनदा दाबला की चूक. साठीच्या बाईनं असले चाळे करावेत म्हणजे कमालच, पण करते काय? माझ्या नवऱ्याला दीड वर्षापासून अजिबात ऐकू येत नाही, आणि त्यांचं स्वरशास्त्राचं पुस्तक छपाईला निघालं होतं.

प्रकाशकाला हे कळून चालणार नव्हतं. त्याचे हात आधीच पोळलेले. कुणा मास्तरांनी प्रुफं नुसती नजरेखालून घातली, पुस्तकभर चुका राहिल्या आणि अख्खी आवृत्ती परत आली. तेव्हापासून प्रत्येक स्वररचना तो स्वतः प्रुफात बघून पेटीवर वाजवतो. लेखकानं समोर बसून ऐकायचं आणि बरोबर की चूक ते सांगायचं. "डोळ्यांनी तपासलेलं गाणं मी छापत नाही, वहिनी," हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. सव्वीस वर्षं यांनी त्या पुस्तकात घातली. कान गेल्यावर तर त्यांच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

हस्तलिखिताची नक्कल मीच तीनदा केलेली, त्यामुळे चूक माझ्या कानाला लगेच खटकायची. प्रकाशकानं काही विचारलं की मी यांच्याआधी तोंड घालायची. बाई नवऱ्याला बोलू देत नाही, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे मेलं.

चाळीस पानं अशी निभावली. मग प्रकाशकानं चष्मा वर सरकवला, यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुढची रचना सुरू केली.

आवाजच येईना.

त्याची बोटं पट्ट्यांवरून नीट फिरत होती. डावा हात मात्र मांडीवर होता, भात्याला लावलेलाच नव्हता. पाय दाबू तरी कसा, आणि किती वेळा?

बोटं थांबली. यांनी माझ्या पायाची वाट पाहिली. काहीच कळेना, तेव्हा कागदावर वाकले आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत गंधाराखालची रेघ गळलीय. तो कोमल हवा." वर हसून, चांगलं वाटावं म्हणून, "पेटी मात्र तुमची फार गोड आहे हो."

मला रडूच आलं. प्रकाशकानं हस्तलिखित ओढून तिसरी ओळ पाहिली. रेघ होती तिथे.

"कधीपासून?" त्यानं मला विचारलं.

"दीड वर्ष," मी म्हणाले.

हे आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. माझे डोळे पाहिले आणि सगळं समजले.

"पुस्तक?" एवढंच विचारलं त्यांनी.

प्रकाशकानं कोमल गंधाराची रेघ लाल पेन्सिलीनं मारली. पेटी बाजूला सारली, उठून यांच्या शेजारी खुर्ची घेतली आणि पुढचं पान यांच्यासमोर ठेवून पेन्सिल यांच्या हातात दिली. यांनी पेन्सिल पहिल्या ओळीवर टेकवली आणि पान मी धरलं.