सोनेरी शिक्क्याची पुस्तकं

वीणा लग्न होऊन बंगळूरला आली तेव्हा शाल्मली बारा वर्षांची होती. विलासच्या पहिल्या बायकोची मुलगी. श्यामला, तिची आई, दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती.

शाल्मलीनं वीणाला कधी उलट उत्तर दिलं नाही, दार आपटलं नाही, ताटातलं टाकलं नाही. "अहो, माझा डबा भरलात का?" एवढंच सकाळी विचारायची. शाळेतून आली की चपला नीट ठेवून आपल्या खोलीत जायची. पाहुणी मुलगी दुसऱ्याच्या घरी जशी वागते, तशी ती स्वतःच्या घरात वागत होती.

"होईल सवय," विलास म्हणायचा. त्याची कंपनी तेव्हा परदेशी बँकांची कामं घेत होती, आणि तो सकाळी स्कूटरवरून निघाला की रात्री जेवायच्या वेळेलाच परत दिसायचा. ते राहत ते कोरमंगला तेव्हा शांत होतं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. त्या दुपारी वीणाला खायला उठायच्या. पुण्यात ती शाळेत शिकवत होती. चाळीस मुलांचा कलकलाट सोडून ती या घरात आली होती, आणि इथे एक मूल होतं ते बोलत नव्हतं.

पण ते मूल वाचत होतं. वीणाच्या हे लवकरच लक्षात आलं. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू, कॅलेंडरच्या मागचे औषधांचे सल्ले, शाल्मली हाती येईल ते वाचायची. घरात पुस्तकं मात्र संगणकाचीच.

वीणा बस पकडून चर्च स्ट्रीटजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेली. "बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी चांगलं पुस्तक हवंय. अगदी चांगलं." दुकानदारानं मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का असलेलं एक पुस्तक काढून दिलं. बक्षीस मिळालेलं. शाल्मलीनं ते दोन दिवसांत वाचलं, "छान होतं," म्हणाली आणि टेबलावर आणून ठेवलं. वीणानं चाळून पाहिलं. शेवटी कुत्रा मरत होता. पुढच्या पुस्तकात मैत्रीण नदीत बुडाली. तिसऱ्यात आजोबा गेले. तिन्हींवर शिक्के.

चौथं पुस्तक हातात घेऊन शाल्मलीनं त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. "अहो, हा शिक्का असला ना, की कुणीतरी मरतंच."

वीणाला हसू फुटलं आणि लगेच तिनं ते दाबलं. शाल्मलीच्याही ओठांच्या कडा हलल्यासारख्या वाटल्या. त्या घरात आल्यापासूनचं ते पहिलं वाक्य, ज्यात डबा किंवा फी किंवा युनिफॉर्म नव्हता.

दुसऱ्या दिवशी वीणा कब्बन पार्कजवळच्या एका ग्रंथालयात गेली. तिथल्या मुलांच्या विभागात भूमिका नावाची तिशीची बाई काम करायची. वीणा इंग्रजीत चाचरत बोलायला लागली तेव्हा तिनंच मराठी ओळखलं.

"आमी बी मराठीच, अक्का. शहाजीराजांच्या वेळेपासून हितलेच. कसली पुस्तकं पायजे?"

"मोठ्या मुलांसाठी. बक्षीस मिळालेली, शाळांनी शिफारस केलेली, अशी. पण..." वीणा थांबली. "पण आई मरत नाही अशी."

भूमिका हसली. "मग अवघड हाय बघा. बक्षीसवाले लेखक पैल्या पानावर आईलाच मारतात." मग तिनं वीणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसणं विरलं. "कुणासाठी?"

वीणानं सांगितलं.

"सरी, ठीक हाय," भूमिका म्हणाली. "स्वल्प बसा. शोधू या."

तेव्हापासून दर शनिवार ठरला. बक्षिसं मिळालेल्या पुस्तकांच्या याद्या भूमिकाकडे होत्या, पण कुठल्या पुस्तकात आत काय घडतं हे यादीत कुठे असतं? ते वाचूनच कळायचं. वीणा बसमध्ये वाचायची, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचायची. मराठी माध्यमातून शिकलेली ती, इंग्रजी सावकाश चालायचं; अडलं की शाल्मलीचाच शब्दकोश ती गुपचूप उघडायची. साहसाची, रहस्याची, खोडकर भावंडांची पुस्तकं निघाली. शाल्मली ती भराभर वाचायला लागली. कधी जेवताना एखादा प्रसंग सांगायची. विलास म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं, होईल सवय?"

एक पुस्तक मात्र वीणानं घरी आणलं आणि दिलं नाही. त्यातल्या मुलीची आई पहिल्याच प्रकरणात जाते. पुढे आईचा कोट दाराजवळच्या खुंटीवर तसाच लटकत राहतो. बापाला तो काढायचा असतो, मुलगी काढू देत नाही. वीणानं ते डाळीच्या डब्यांमागे ठेवून तीन दुपारी वाचलं, डोळे पुसले आणि परत करून टाकलं.

पुढच्या रविवारी शाल्मली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "डब्यांमागचं पुस्तक परत केलंत?"

वीणाच्या हातातला झारा थांबला.

"मला ते हवं होतं."

"अगं, त्यात..."

"माहीत आहे. मागच्या बाजूला लिहिलं होतं. म्हणूनच हवंय." तिचा आवाज बारीक झाला. "मला बघायचंय ती मुलगी पुढे काय करते."

पुढच्या शनिवारी दोघी मिळून ग्रंथालयात गेल्या. भूमिकानं पुस्तक काढलं, वीणाकडे पाहिलं आणि ते शाल्मलीच्या हातात दिलं.

ते पुस्तक शाल्मलीनं एकटीनं वाचलं नाही. "तुम्ही वाचून दाखवा," म्हणाली. शाळा सुटल्यावर दोघी मागच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायच्या. वीणा एकेक वाक्य मराठीत करून सांगायची. कुठे चुकली की शाल्मली सुधारायची. "आजी 'रागावली' नाही हो, आजी 'दुखावली'. वेगळं आहे." हळूहळू मधलं अंतर कमी झालं. खुंटीवरच्या कोटाचं पान आलं तेव्हा शाल्मलीचं डोकं वीणाच्या दंडाला टेकलेलं होतं.

"आईची एक निळी शाल होती," ती अचानक म्हणाली. "बाबांनी कुणाला तरी देऊन टाकली. मी शाळेत होते. मला विचारलंच नाही."

मग ती रडली. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती, असं विलासनं एकदा कौतुकानं सांगितलं होतं. ती आता रडली, अंग गदगदून, नाक वीणाच्या पदरात खुपसून. वीणा तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं शाल्मली म्हणाली, "तू थांबू नकोस. वाच पुढे."

तू. वीणाला पुढची ओळ धड दिसेना.

त्यानंतरचे महिने वीणाच्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले महिने होते. शाल्मली आता श्यामलाबद्दल बोलायची. आईला कैरीची डाळ आवडायची, आई चुकीचे शब्द घालून गाणी म्हणायची. वीणाला वाटलं होतं की हे ऐकताना आपल्याला कुठेतरी टोचेल. टोचलं नाही. उलट न पाहिलेली ती बाई तिला आपल्या घरातलीच वाटायला लागली.

मार्चमध्ये विलासला अमेरिकेला जायचं ठरलं. दोन हजार साल आलं की जुने संगणक बिघडतील म्हणून तिकडे माणसं हवी होती. सहा महिने, कदाचित जास्त. तो जाण्याआधी नातीला भेटायला म्हणून श्यामलाची आई, कौशल्याबाई, नागपूरहून आल्या. साठीच्या, ताठ, थोड्या थकलेल्या. मुलगी गेल्यापासून त्यांनी रंगीत पातळ नेसलं नव्हतं.

त्या आल्याच्या चौथ्या दिवशी वीणा आणि शाल्मली व्हरांड्यात ते पुस्तक पुन्हा वाचत होत्या. शाल्मलीनंच मागून आणलं होतं. कोटाच्या पानाशी तिचे डोळे पुन्हा भरून आले, आणि नेमक्या त्या वेळी कौशल्याबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या.

"काय झालं? का रडतेस?"

"काही नाही आजी. गोष्ट आहे."

"कसली गोष्ट?"

शाल्मलीनं सांगितलं. तिला वाटलं आजीलाही आवडेल. ती अगदी मोकळेपणानं सांगत गेली, आई जाते, कोट राहतो, आणि कौशल्याबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"पोरीला आई मेल्याच्या गोष्टी वाचून दाखवतेस?" त्या वीणाला म्हणाल्या. "रडवतेस तिला बसून?"

"आजी, मीच मागितलं. मीच!"

"तू गप. तुला शिकवलेलं बोलतेस तू."

"आई, खरंच तसं नाही," वीणा उठून उभी राहिली. "तिला बोलायचं होतं..."

"मला आई म्हणू नकोस," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, फाटला. "मला आई म्हणणारी गेली."

संध्याकाळी विलास आल्यावर त्यांनी त्याला समोर बसवलं. तू परदेशी चाललास. पोर हिच्या हाती सोडून मला झोप येणार नाही. मी नागपूरला नेते, तिथे चांगली शाळा आहे.

वीणा विलासकडे पाहत होती. त्यानं नुसतं म्हणायचं होतं, नाही, शाल्मली इथेच राहील. तो चष्मा पुसत बसला.

"सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," शेवटी तो म्हणाला. "त्यांचंही मन राहील. आणि वीणा, ते तसलं पुस्तक... द्यायलाच हवं होतं का?"

"तुम्ही ते वाचा एकदा. तुमची मुलगी दहाव्या वर्षापासून काय गिळून बसली होती ते कळेल."

"तू तिची..." तो बोलता बोलता थांबला. पण वाक्य पुरं झाल्यासारखंच होतं.

शाल्मलीनं वीणाला दुसऱ्या दिवशी बॅग भरताना विचारलं, "तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलले गं."

"मग?"

वीणा फ्रॉकच्या घड्या घालत राहिली. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा शाल्मली खिडकीच्या गजांना धरून वीणाकडे बघत होती, हात हलवत नव्हती. पलीकडे कौशल्याबाईंनी तिचा खांदा घट्ट धरलेला होता.

विलास गेला. सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग दीड. वीणा रिकाम्या घरात राहिली. शेजारच्या बायका म्हणायच्या, "बरं झालं, सुटलीस. आता तुझं स्वतःचं होऊ दे." शनिवारी ती ग्रंथालयात जायची. पहिल्या वेळी भूमिकानं विचारलं होतं, "पोरगी कुठाय अक्का?" आणि वीणाला मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसून रडू आवरलं नव्हतं. भूमिकानं दार लोटून घेतलं होतं आणि शेजारी बसून राहिली होती.

वीणा पुस्तकं निवडून नागपूरला पाठवत राहिली. शाल्मली चौदाची झाली, तर चौदा वर्षांच्या मुलींना काय आवडतं ते शोधायचं. पंधराची झाली, तर ते. फोनवर शाल्मली सुरुवातीला पुस्तकांविषयी भरभरून बोलायची. मग तिकडे आजोबा, कौशल्याबाईंचे यजमान, आजारी पडले. मग आजोबा गेले. फोन आखूड होत गेले. मागे कुणीतरी असल्यासारखी ती बोलायची. एकदा म्हणाली, "तुम्ही कशा आहात?" आणि त्या 'तुम्ही'ला वीणा 'बरी आहे' म्हणाली.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात विलासनं कळवलं की तो मार्चमध्ये येतोय. शाल्मलीची दहावी आटोपली की तिला परत आणू. वीणाला तोवर धीर धरवेना. ती एकटी नागपूरला गेली.

दार शाल्मलीनं उघडलं. वीणाहून उंच झाली होती. "या ना," म्हणाली आणि पाणी आणायला वळली. आतल्या खोलीत कौशल्याबाई पलंगावर होत्या. पक्षाघातानं त्यांची एक बाजू गेली होती, हे वीणाला कुणी सांगितलं नव्हतं. शाल्मलीनं त्यांना उठवून बसवलं, पाठीशी उशी दिली, पदर सारखा केला. तिचे हात सराईत होते.

पाठवलेली पुस्तकं कोपऱ्यात रचलेली होती. वरची काही उघडलेलीही नव्हती. "वेळच मिळत नाही," शाल्मली खाली मान घालून म्हणाली. "शाळा, आणि मग आजीचं."

ती औषध आणायला बाहेर गेली तेव्हा कौशल्याबाईंनी वीणाला खुणेनं जवळ बोलावलं. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द अर्धेच बाहेर येत होते.

"न्यायला आलीस?"

वीणा पलंगाच्या कडेशी टेकली.

"मी तेव्हा... फार बोलले." त्यांच्या चांगल्या हातानं वीणाचं मनगट पकडलं. "पण नेऊ नकोस. मला कुणी नाही गं."

वीणानं त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्या प्रवासात ती काय काय बोलायचं ते मनात जुळवत आली होती. ते सगळं या म्हाताऱ्या हाताखाली विझून गेलं. मुलगी गमावलेली बाई होती ती. आणि आपण कोण आहोत, हे वीणाला त्या क्षणी चांगलंच कळलं. मुलगी गमावलेली दुसरी बाई.

निघताना शाल्मली तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. दोघी रिक्षाची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"बाबा म्हणतात मार्चमध्ये मला तिकडे नेणार," शाल्मली म्हणाली. तिचा चेहरा घाबरलेला होता. "आजीचं कोण करणार? तुम्ही सांगा ना त्यांना. ते तुमचं ऐकतील."

ते आपलं कधीच ऐकत नाहीत, हे वीणानं सांगितलं नाही. या वेळी ऐकतील, कारण या वेळी त्यांना सोपं पडेल तेच ती सांगणार होती.

"सांगते," ती म्हणाली. "तू इथेच राहा."

शाल्मलीनं सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास वीणानं ऐकला. मग पोर वाकून तिच्या पाया पडली, मोठ्या नातेवाइकांच्या पडतात तशी, आणि औषधाची वेळ झाली म्हणून घाईघाईनं घराकडे वळली. वीणा रिक्षात बसली. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, कुठे जायचं, तेव्हा कुठे तिच्या तोंडून स्टेशन हा शब्द बाहेर पडला.