आबांच्या कमरेचा पट्टा

जिममध्ये कुणी वजन उचलायचा पट्टा आवळून ट्रेडमिलवर चालताना दिसलं की माझं डोकंच फिरतं. "अहो काका, सोडा तो! वरातीला निघालात का?" मी सगळ्यांदेखत ओरडते. मग समजावते. पट्टा फक्त शेवटच्या जड वजनाला. पोटात श्वास भरायचा, पोट पट्ट्यावर दाबायचं, मग उचलायचं. वजन खाली ठेवलं की पट्टा लगेच सैल करायचा. आणि कंबर दुखत असेल तर पट्टा नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. सुरतच्या अमरोलीतल्या आमच्या जिममध्ये ही ट्रेनर योगिता दिवसातून दहा वेळा हेच बडबडते.

माझ्या बापाला मात्र मी तीन शब्द सांगितले.

आबांचं नाव दगा. धुळ्याकडून सुरतला येऊन त्यांना तीस वर्षं झाली आणि तेव्हापासून ते कापड मार्केटात हमाली करत. पन्नास किलोचा गठ्ठा टेम्पोतून पाठीवर घ्यायचा आणि जिना चढायचा. दोन वर्षांपूर्वी मला वजन उचलण्याच्या एका स्पर्धेत नवा पट्टा बक्षीस मिळाला, तेव्हा जुना चामड्याचा मी त्यांना दिला. सारखे कंबर धरून बसायचे ना. मी स्वतःच्या हाताने तो त्यांच्या कमरेला बांधला, करदोड्याच्या वरून. आबा असे हरखले, की विचारू नका.

"हाऊ पट्टा कव्हय बांधाना वं माय?" त्यांनी विचारलं. घरात ते अहिराणीच बोलतात.

मी स्कूटरची किल्ली शोधत होते. म्हटलं, "वजन उचलताना लावा." आणि गेले निघून.

आता बघा, जिममधलं माणूस तासाभरात पाच-सात वेळा जड वजन उचलतं. आबा सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत उचलतच असायचे. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं. कोसाडच्या घरातून निघतानाच पट्टा आवळायचे, शर्टाच्या वरून. सैल होतो म्हणून दाभणाने आणखी एक भोक पाडलं. पुढे पुढे तर फक्त अंघोळीला काढायचे. माझी आई शोभाबाई हसायची, "यांना दुसरा करदोडा आला!" आमच्यात पुरुषाच्या कमरेचा करदोडा उतरतो तो मेल्यावरच. पोरीने बांधलेला पट्टाही आबांनी त्याच श्रद्धेने घातला.

मला दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. बाप आपला पट्टा मार्केटभर मिरवतो, याचाच मला तोरा.

कंबर काही बरी झाली नव्हती, दुखणं तेवढं दाबलं गेलं होतं. बरं वाटतंय म्हणून आबा एकाऐवजी दोन गठ्ठे घेऊ लागले. पायांना मुंग्या यायला लागल्या, तेही कुणाला सांगितलं नाही. उलट पट्टा आणखी आवळला. शेवटी मार्चमध्ये एका दुपारी ते मार्केटच्या जिन्यात खाली बसले, ते उठलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, नसा दबल्यात, आणि हे आजचं नाही. "इतके दिवस काय करत होतात?" मी मान खाली घातली. ऑपरेशनच्या आधी वॉर्डबॉयने पट्टा सोडला आणि कात्रीने करदोडाही कापला. तेव्हा आईने हंबरडा फोडला, "जित्ता माणूस शे तो!" तिची समजूत घालता घालता मला रडायलाही झालं नाही. आबा पुन्हा चालतील का, एवढंच आम्ही भेटेल त्याला विचारत होतो.

नाही चालले. सहा महिने झाले, कमरेखाली काही जाणवत नाही.

रोज सकाळी जिमला जायच्या आधी मी त्यांना खाटेवरून उचलते आणि न्हाणीतल्या खुर्चीवर बसवते. परवा मी अशीच वाकले, तर त्यांनी उशाखाली हात घातला आणि पट्टा बाहेर काढला. आईने तो जपून ठेवला होता, मला ठाऊकही नव्हतं.

"बांधी ले वं माय. तुनी कंबर जप."

मी भडकलेच. "आबा, जड वजनालाच लावतात तो! कितीदा सांगायचं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. कितीदा कुठलं, हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मंग मी जड नही का आते?"

त्रेचाळीस किलो भरतात आबा. मी त्यांच्या हातातून पट्टा घेतला. त्यांनी पाडलेल्या भोकापर्यंत तो मला पोचेना, दोन भोकं अलीकडेच लावला. आता पोटात श्वास भरायचा होता. तो काही केल्या भरेना.