आपोआप सुटलेला सोल

बूट, चढणीचे, तपकिरी, एक जोड. नाड्या दोन; त्यातली एक तुटल्यामुळे गाठ मारलेली. लाल प्लास्टिकची सुतळी हातभर. डाव्या बुटाचा सोल पुढून उघडलेला, टोकापासून मागे अकरा सेंटिमीटर. उजव्याचा फक्त बाजूने, दोन सेंटिमीटर. खाचांमध्ये वाळलेला चिखल. खरेदी करून झालेले दिवस सव्वीस, वापर दोनदा.

हे सगळं मधुवंतीने पिशवीतून काढून क्वेक अंकलच्या काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडलं. सोल किती उघडलाय ते तिने घरीच पट्टी लावून मोजून ठेवलं होतं.

तिच्या पुढे एक गिऱ्हाईक होतं. टायवाला, आसपासच्याच कुठल्यातरी ऑफिसातला. त्याला तंबू परत करायचा होता. "उघडलासुद्धा नाही," तो म्हणाला. क्वेक अंकलने तंबूची पिशवी उलटी करून दोनदा झटकली. काउंटरवर वाळू पडली. अंकलने ती बोटाने गोळा करून त्याच्यासमोर छोटा ढीग केला.

"तंबू एकटाच बीचवर गेला होता?"

टायवाला तंबू बगलेत मारून निघून गेला. मधुवंतीला हसू आलं. दुकान सिंगापुरातल्या तांजोंग पगार भागात एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर होतं. छताला पाठपिशव्या आणि दोरखंड टांगलेले, आणि काउंटरच्या मागे अंकलने स्वतः रंगवलेली इंग्रजी पाटी. तिचा अर्थ असा: आपोआप मोडलं, परत घेऊ. तुम्ही मोडलं, नाही.

अंकलचं इंग्रजी पाटीसारखंच होतं, तुटक आणि स्पष्ट. त्याने चिखल बघितला, गाठ बघितली, सुतळी बघितली आणि मान डोलावली.

"ही मुलगी बरोबर. चिखलासकट आणते. लपवत नाही. कुठे सुटला?"

"गुनुंग लेडांगच्या डोंगरावर. ओढा ओलांडताना. मग सुतळीने बांधून उतरले."

"त्याआधी?"

"त्याआधी एकदाच, बुकित तिमाहच्या टेकडीवर. पाऊस आला, पार भिजले होते."

"वाळवले कुठे? शेगडीजवळ? गरम जागी?"

"घरी," मधुवंती म्हणाली. "पंख्याखाली."

एवढा वेळ तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. हे दोन तेवढे नव्हते.

मधुवंती पुण्याहून रसायनशास्त्रात एमएस्सी करून आली होती आणि जुरोंग ईस्टला एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होती. रंग, लेप, चिकटवायची रसायनं यांचे नमुने यायचे. ती तापवायची, भिजवायची, ओढायची, आणि आकडा लिहायची. बुकित तिमाहच्या पावसानंतर सोमवारी तिने ओले बूट पिशवीत घालून कामावर नेले आणि जेवणाच्या सुट्टीत रंगाचे नमुने वाळवायच्या ओव्हनमध्ये ठेवले. ओव्हन एकशे पाच अंशांवर होता. बुटांना तेवढं नको म्हणून तिने तो मुद्दाम ऐंशीवर आणला, आणि मग एका तातडीच्या नमुन्यात अडकली. काढले तेव्हा एक तास पन्नास मिनिटं झाली होती. बूट कडकडीत वाळले होते, जरा वासही येत होता. संध्याकाळी घरी तिने ही युक्ती कौतुकाने सांगितलीसुद्धा.

क्वेक अंकलने मागच्या फळीवरून तिच्या मापाचा नवा खोका काढला. "घे. आपोआप मोडलं." मग तो थांबला. "तू सोल्युशनवाली ना? जुरोंगची?"

बूट घेताना तिने त्याला पाव तास व्याख्यान दिलं होतं, सोल चिकटवायच्या सोल्युशनवर आणि सोल किती जोराने ओढला तर सुटायला हवा यावर. ते त्याच्या लक्षात राहिलं होतं.

"हे बूट फू बनवतो. मलेशियात, मुआरला. छोटा कारखाना, चार माणसं. सत्तावीस वर्षं मी त्याचा माल घेतो. कधी सोल सुटला नाही. आता सोल्युशन बदललं असेल, स्वस्तातलं." त्याने फळीकडे हात केला. "या खेपेचे वीस जोड उरले होते. एक आत्ता तुला दिला, तो इतक्यात घालू नको. एक अजून घे, लॅबमध्ये ओढून बघ. एक पान लिहून दे, सोल्युशन वाईट. लॅबचा चॉप मार. मग अठरा जोड मी फूला परत पाठवतो. माझ्या दुकानातून बूट घेऊन कोणी डोंगरावर पडायला नको."

चॉप, म्हणजे शिक्का. त्याच्याशिवाय सिंगापुरात कागदाला कागद म्हणत नाहीत.

त्याच वेळी तिला बोलता आलं असतं. तिने दोन खोके घेतले आणि म्हणाली, "बघते."

*

सेम्बावांगला ती पद्माकरकाकांकडे राहायची. काका वडिलांचे मावसभाऊ, गोदीत मरीन इंजिनियर. ते जेवायला बसले होते.

"बदलून दिले? वा!" काका म्हणाले. "नवेकोरे! अगं नीता, बघ, पोरगी पुण्याची आहे हे आता सिद्ध झालं."

"एव्हरीबडी रिटर्न्स, ला," त्यांची मुलगी गार्गी ताटावरून मान वर न करता, शेवटी सिंगापुरी 'ला' लावत म्हणाली. ती बारा वर्षांची होती. "माझ्या फ्रेंडने तर कॅम्प झाल्यावर स्लीपिंग बॅग परत केली."

"बघ, तरुण पिढी पुढे गेलीय," काका हसले.

नीताकाकूंनी मधुवंतीच्या पानात भात वाढला. "त्याला ओव्हनचं सांगितलंस?"

"काकू, सोल सुटायला बरीच कारणं असू शकतात. सोल्युशन कमी लावलं असेल, कातडं नीट घासलं नसेल..."

"मी तेवढंच विचारलं गं. आमच्याकडे ओव्हनमध्ये केक ठेवतात, म्हणून विचारलं."

"त्याने विचारलंच नसेल," काका तिच्या मदतीला आले. "दुकानदाराने विचारायचं असतं. आपण होऊन कबुली द्यायला ही काय पोलीस चौकी आहे?"

मधुवंतीने आमटी घेतली. मग म्हणाली, "विचारलं होतं."

काकांनी पुढचा घास घेतला आणि टीव्हीवर काय लागलंय ते गार्गीला विचारलं.

*

तिने प्रयोग चोख आखला. अंकलने दिलेल्या नव्या जोडातले दोन्ही बूट बुधवारी रात्रभर पाण्यात भिजवले. डावा बूट पंख्याखाली ठेवला, दोन दिवस. उजवा ओव्हनमध्ये: ऐंशी अंश, एक तास पन्नास मिनिटं, घड्याळ लावून. बाकी सगळं सारखं. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. ते संपल्यावर साहेबांना विचारून तिने ओढायचं यंत्र घेतलं. प्रत्येक बुटाच्या सोलमधून पाच पट्ट्या कापल्या. कातडं एका चिमट्यात, सोल दुसऱ्यात. चारच्या वर आकडा आला तर सांधा चांगला, खाली आला तर वाईट.

पहिली पट्टी डाव्याची लावताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला आकडा लहान यायला हवा आहे. नुसता हवा नाही. ती जवळजवळ मागणं मागत होती. पंख्याखालचा बूटही सुटावा. सोल्युशन खरंच वाईट असावं. मग ते दोन शब्द खोटे असले तरी काही बिघडलं नसतं. बूट आपोआपच मोडलेले ठरले असते, आणि चॉप मारायला हात कचरला नसता.

यंत्राचा काटा चढत गेला. चारच्या पुढे. पाचच्या पुढे. कातडं ताणून पांढरं पडलं, तरी सोल धरून होता.

कॉलेजात एकदा एका मुलाने नको असलेला आकडा गाळला होता, तेव्हा ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. आता तिने पाचही आकडे लिहिले. मग उजव्या बुटाच्या पट्ट्या लावल्या. त्यांना सुटायला वेळ लागला नाही.

*

आकड्यांचा कागद आणि बदलून मिळालेला जोड पिशवीत घालून ती तशीच तांजोंग पगारला गेली. दुकानाच्या दारातच रबराचा आणि कातड्याचा उग्र वास आला. आत, पाठपिशव्यांच्या खाली, एक म्हातारा माणूस बुटक्या स्टुलावर बसला होता. दोन गुडघ्यांत एक तपकिरी बूट घट्ट धरलेला, हातात पक्कड. तो सोल ओढत होता. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सोल्युशनचा डबा शेजारी होता, झाकण अजून न उघडलेलं. एका अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधी लाल झाली होती.

"फू," क्वेक अंकल म्हणाला. "मी फोन केला मंगळवारी. खूप ओरडलो. म्हटलं, तुझं सोल्युशन वाईट, एक मुलगी डोंगरावरून पडली असती. सगळा माल परत पाठवतो. तो म्हणाला, पाठवू नको, मीच येतो. पहाटेच्या बसने आला. म्हणतो, सगळे सोल काढून नव्याने चिकटवतो, चांगलं सोल्युशन लावून."

"किती झाले?"

"एकही नाही." अंकलने बाजूला बोट दाखवलं. "निघत नाहीत."

बाजूला तीन जोड पडले होते. पकडीने ओढून ओढून त्यांचं कातडं शिवणीपाशी फाटलं होतं. सोल जागच्या जागी होते.

फूने घाम पुसला, मधुवंतीकडे बघितलं आणि अंकलला काहीतरी विचारलं. अंकलने तिच्या पायांकडे हात करून उत्तर दिलं. हीच ती, असं म्हणाला असावा. फू स्टुलावरून अर्धवट उठला आणि तिच्यापुढे मान झुकवून दोन शब्द बोलला.

"तो सॉरी म्हणतो," अंकल म्हणाला.

पिशवीचा बंद मधुवंतीने बोटाभोवती इतका आवळला होता की बोटाचं टोक पांढरं झालं.

"अंकल, मी ते घरी वाळवले नव्हते."

"मग?"

"लॅबच्या ओव्हनमध्ये. ऐंशी डिग्री. जवळजवळ दोन तास. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं. फूंच्या सोल्युशनमध्ये काही खोट नाही. मी ओढून बघितलंय."

क्वेक अंकलने काउंटरवरचं फडकं उचललं, घडी केली, परत ठेवलं. मग फूकडे वळून त्याच्या भाषेत सांगितलं. ते तिच्या बोलण्यापेक्षा खूप लांब होतं.

फूने पक्कड खाली ठेवली. फाटलेल्या तीन जोडांकडे बघितलं, मग चिंधीकडे. मग एक वाक्य बोलला. अंकलने त्याचं भाषांतर केलं नाही. फू पुन्हा बोलला, या वेळी हातवारे करून.

"तो विचारतो, ऐंशी म्हणजे किती गरम?"

"नुकत्याच ओतलेल्या कॉफीसारखं. बोट बुडवता येणार नाही."

फूने ऐकून घेतलं. पुन्हा विचारलं.

"आणि न तापवलेला? तो कितीला सुटला?"

तिने आकडा सांगितला. चारच्या वर चांगला समजतात, तेही सांगितलं. फूने दोन्ही आकडे स्वतःशी पुटपुटले. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. त्याने काउंटरवर पडून राहिलेल्या तिच्या जुन्या बुटांतला डावा उचलला, उघडलेल्या तोंडात बोट घालून सोल्युशन चाचपलं आणि ते खडखडीत झालेलं बघून जिभेने एक आवाज केला. एखाद्याने चांगलं अन्न करपवल्यावर करतात तसा.

मधुवंतीने पिशवीतून नवा जोड काढला. न वापरलेला, खोक्यासकट. तो काउंटरवर ठेवून आपले जुने बूट पुढ्यात ओढले. "आणि हे तीन फाटलेले जोड मी घेते."

अंकलने तिन्ही उलटे करून माप वाचलं. "नऊ. दहा. दहा. तुझ्या पायाला होतील?"

तिचं माप पाच होतं. ते जोड अंकलने काउंटरच्या खाली सरकवले.

"तुला एक पान लिहायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"चॉप नाहीये, अंकल. हा लॅबचा कागद नाही, माझा आहे."

"चॉप नको. नाव लिही. ओव्हनचं पण लिही. फूला मुआरला न्यायचंय, त्याच्या माणसांना दाखवायला. मी फोनवर ओरडलो ते चौघांनीही ऐकलंय."

फूने स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली नाही. काउंटरवर वाकून, पाटीच्या खाली, तिने तयार आणलेल्या कागदाच्या शेवटी आणखी एक ओळ लिहिली, सही केली आणि तारीख घातली. अंकलने तो मोठ्याने वाचला, एकेक ओळ फूला समजावत:

नमुना: चढणीचे बूट, नवे, एक जोड. दोन्ही बूट रात्रभर पाण्यात.
डावा, पंख्याखाली वाळवलेला: पाच पट्ट्यांची सरासरी ५.४ न्यूटन प्रति मिलिमीटर.
उजवा, ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ११० मिनिटं वाळवलेला: सरासरी ०.८.
परत आणलेला जोड गिऱ्हाइकाने याच ओव्हनमध्ये वाळवला होता: ८० अंश, ११० मिनिटं.