दिवसाआडची गाडी

थोरल्यानं हॉर्न खोलला, तेव्हा आत फक्त हॉर्नच निघाला.

त्याला जरा वाईटच वाटलं. काहीतरी निघायला हवं होतं. गेली कित्येक वर्षं हा हॉर्न दाबला की सर्दी झालेल्या बोक्यासारखा आवाज यायचा, आणि काल धाकट्याच्या पाळीचा दिवस संपवून पिकअप परत आली ती खणखणीत ओरडत. उगाच? थोरल्यानं हॉर्नची तबकडी उजेडात धरली, उलटी केली, हुंगून बघितली. मग सगळं पुन्हा जोडलं. एक स्क्रू उरला. तो त्यानं खिशात टाकला. उरलेला स्क्रू फेकायचा नसतो, आणि तो कुठला हे स्वतःला विचारायचंही नसतं.

समोरच्या दुकानात न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून इकडंच बघत होता.

“सापडलं का काही, सुतार?”

“तू दाढी कर.”

“करतोय की. हे गिऱ्हाईकच म्हणतंय, थांब जरा, बघू काय निघतंय.”

पिकअप वडिलांची. जाताना ते दोघा मुलांना बजावून गेले होते, घर वाटा, भांडी वाटा, गाडी मोडू नका. म्हणून गाडी दिवसाआड वाटली गेली. एक दिवस थोरल्याचा. तो सुतार, कपाटं आणि दारं पोचवायचा. दुसरा दिवस धाकट्याचा. तो प्लंबर, पाइप आणि टाक्या न्यायचा. रोज संध्याकाळी गाडी थोरल्याच्या कारखान्यापुढं येऊन उभी राहायची आणि रोज तिच्यातलं काहीतरी राम म्हणायचं.

मेकॅनिकची पायरी थोरला चढत नसे. लाकूड सरळ कापणाऱ्याला लोखंडाची काय मिजास, असं त्याचं म्हणणं. त्यामुळं गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराला कपाटाची पितळी मूठ होती, आणि ते दार उघडताना आत साड्यांच्या घड्या दिसतील असं अनोळखी माणसाला वाटायचं. गिअरच्या दांड्याला पलंगाचा कातीव गोळा होता. आणि या सगळ्यावर थोरल्याचा एक नियम होता, माझं ते माझ्याच दिवशी. संध्याकाळ झाली की तो स्वतः आणलेली नवी बॅटरी काढून कारखान्यात ठेवायचा आणि जुनी आत बसवायचा. नवा आरसा, नवे वायपर, सीटचं कव्हरसुद्धा. आपली पाळी आली की सगळं परत जागेवर.

“त्या बॅटरीला एकदाची नांदू दे रे,” न्हावी म्हणायचा. “रोज सासर, रोज माहेर. झिजेल पोरगी.”

धाकटाही हेच करत असणार, याबद्दल थोरल्याला तिळमात्र शंका नव्हती. करायलाच हवं. दोघं एका आईच्या पोटचे होते.

घोडं पेंड खात होतं ते इथंच. धाकट्यानं बसवलेलं काही परत जात नव्हतं. मुठीचं जे दार इतकी वर्षं सुतळीनं बांधलेलं असायचं, ते एका संध्याकाळी नव्या बिजागरीवर झुलत आलं आणि दुसऱ्या दिवशीही झुलतच राहिलं. थोरल्यानं खात्री करायला बिजागरी काढली. त्यात कुठलीही खोट नव्हती, म्हणजे खोट चांगलीच खोल असणार. त्यानं ती परत लावली, तेव्हापासून दार बंद व्हायचं झकास, पण उघडायचं नाव घेईना. कपाटाची मूठ ओढून ओढून हातात आली. मग तो स्टुलावर चढून खिडकीतून आत उतरू लागला. न्हाव्याच्या दुकानात त्या वेळी गर्दी वाढली.

“नीट केलंय तर नीट केलंय,” बायको म्हणाली. “त्यात एवढं काय शोधायचं?”

“फुकट कोणी करत नाही.”

“भाऊ आहे तुमचा.”

“म्हणून तर म्हणतो. उद्या चार माणसांत उभा राहील आणि म्हणेल, गाडी जगवली मी, गाडी माझी. कुठंतरी पाणी मुरतंय.”

“मग त्यालाच विचारा की. पाणी कुठं मुरतंय हे शोधायचाच धंदा आहे त्याचा.”

थोरल्यानं विचारलं. धाकटा पाइप गाडीत चढवत होता.

“हॉर्न तू केलास?”

“हो. वायर सुटली होती.”

“पण का?”

“का म्हणजे? वाजत नव्हता, दादा.”

उत्तर इतकं साधं होतं की ते पाठ करून आणलेलं असणार, हे थोरल्यानं तिथल्या तिथं ओळखलं. धाकटा निघाला. गाडी डावीकडं वळली तसा हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि वळण संपेपर्यंत वाजत राहिला. हा बदल थोरल्यानं उघडलेल्या हॉर्नमुळं झाला होता, पण थोरल्याला त्यात मुद्दाम दिलेला इशारा ऐकू आला.

मग ब्रेक गेले. अगदी गेले नाहीत, पण पायाखाली किरकिरायला लागले. थोरल्यानं पुढची चाकं काढली, तर चाक आवळून धरणारे ब्रेकचे लायनर झिजून पार पत्र्यावर आले होते. त्यानं बाजारातून नवे लायनर आणले, आपल्या हातानं बसवले आणि दिवसभर कपाटं पोचवली. गाडी अशी थांबायची की मागची कपाटं पुढं यायची. बायकोला त्यानं जेवताना दोनदा सांगितलं.

संध्याकाळी त्यानं बॅटरी काढली. आरसा काढला. मग चाकापाशी जरा वेळ उकिडवा बसून राहिला. न्हाव्यानं दुकान ओढून घेतलं होतं, विचारायला कोणी नव्हतं. वडिलांच्या वेळी जुन्याच लायनरवर चालत होती की, असं तो चाकालाच म्हणाला, आणि जॅक लावला. झिजलेले जुने लायनर पुन्हा चाकाच्या ड्रममध्ये बसले. नवे त्यानं कापडी पिशवीत घालून खिळ्याला टांगले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला, तर आईच्या खोलीचं दार उघडं आणि खाट रिकामी.

“आई कुठाय?”

“भावोजी घेऊन गेले. डोळ्यांच्या डॉक्टरकडं.”

“रिक्षानं?”

“रिक्षा कशाला? आपल्या गाडीनं,” बायको पोळी उलटत म्हणाली. “भावोजी म्हणत होते, टेकडीचा उतार आहे, जपून न्यायला हवं. मी म्हटलं, बिनधास्त न्या, ह्यांनी कालच नवे ब्रेक टाकलेत.”

थोरल्यानं ताटाकडं बघितलंही नाही. तो कारखान्याकडं पळाला. खिळ्यावरची पिशवी का उचलली हे त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाना घेतला नाही, चप्पल घातली नाही, सायकल मात्र घेतली.

“आता काय सुटलं?” न्हाव्यानं ओरडून विचारलं. थोरल्यानं वळूनही बघितलं नाही.

चढावर त्याची छाती फुटायला आली. माथ्यावर पोचल्यावर समोर सरळसोट उतार, आणि खाली, माणसांनी भरलेला चौक. सायकल खाली सुटली. त्यानं ब्रेक दाबले, ती जागच्या जागी थांबली. सायकलचे ब्रेक उत्तम होते. सायकल त्याच्या एकट्याच्या मालकीची होती.

चौकाच्या अलीकडं बांधकामाच्या वाळूचा मोठा ढीग होता आणि त्यात पिकअप बॉनेटपर्यंत रुतली होती. एका बाजूचं चाक धाकट्यानं उकरून, जॅक लावून काढलं होतं. पालथ्या घातलेल्या बादलीवर, झाडाच्या सावलीत, आई संत्रं सोलत बसली होती.

“आलास? बरं झालं,” धाकटा म्हणाला. “अरे, ब्रेक लागेचना. दाबला की नुसती किरकिर, थांबायचं नाव नाही. खाली एवढी माणसं. हॉर्न दाबत आलो, सगळे बाजूला झाले, पण थांबायचं कुठं? ही वाळू दिसली, घातली.”

“आई...”

“मला काही झालं नाही,” आई म्हणाली. “चष्मा तेवढा वाळूत गेला.”

थोरल्यानं सायकल सोडून दिली. ती आपोआप आडवी झाली.

“हे बघ,” धाकट्यानं ड्रममधून लायनर काढून त्याच्या हातावर ठेवला. “पत्रा लागलाय. काल टाकलेला लायनर आज असा असतो का कधी? दादा, तुला गंडवलंय. नव्याच्या नावाखाली झिजलेला माल दिला. कुठल्या दुकानातनं घेतलास? चल, आईला डॉक्टरकडं सोडू आणि त्याची गचांडीच धरू. माणसं मारायला निघालेत लेकाचे.”

थोरल्यानं त्याच्या चेहऱ्याकडं नीट निरखून बघितलं. कुठं टोमणा आहे का, कुठं खोच आहे का. धाकट्याच्या भुवयांत वाळू होती, दुसरं काही नव्हतं.

“पिशवीत काय आहे?” आईनं विचारलं. चष्मा नसला तरी तिला पिशवी दिसली होती.

“लायनर,” थोरला म्हणाला. “बदलून आणले. दुकानातनं. मलाही सकाळी जरा संशय आला, म्हणून...”

“बघ आई!” धाकटा खूश झाला. “मी मघाशी काय म्हटलं? दादाला कोणी फसवू शकत नाही. संशय येतोच त्याला.”

“बघू,” आई म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

थोरल्यानं पिशवी दिली. आईनं लायनर बाहेर काढला, डोळ्यांशी नेला, पण तिला काही दिसलं नसावं. मग तिनं त्यावरून अंगठा फिरवला, भाजी निवडताना फिरवावा तसा, सावकाश. अंगठा काळा झाला. दिवसभर गाडी थांबवणाऱ्या लायनरवर जी बारीक काळी भुकटी धरते, ती. आईनं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, आणि थोरला जिथं उभा होता तिकडं तोंड केलं.

“नवेच आहेत ना गं?” धाकट्यानं गाडीखालून विचारलं. त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत काळे होते.

“नवेच आहेत,” आई म्हणाली. “बसव लवकर. डॉक्टर निघून जाईल.”

तिनं लायनर धाकट्याकडं दिला. मग थोरल्याचा हात धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला अंगठा पुसला, कोपरापासून मनगटापर्यंत, दाबून, काळं पुरतं निघेपर्यंत.

“दादा, बाहीला डाग पडला बघ,” धाकटा म्हणाला.

“असू दे,” थोरला म्हणाला.