ड्युटी बदलताना

धाकटीचा फोन आला तेव्हा मी एका बँकेतल्या बाईंना चढावर गाडी थांबवायला शिकवत होते.

"ताई, हॉस्पिटलवाल्यांनी बोलावलंय," ती म्हणाली. "टकळीच्या मृत्यूचा आढावा घेतायत. मी त्या दिवशी काय पाहिलं ते त्यांना माझ्याकडून ऐकायचंय."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आढावा घेतात तो दुकानातल्या मालाचा. चार वर्षांच्या पोरीचा कसला आढावा? "आता आठवण झाली होय त्यांना!" मी इतक्या जोरात ओरडले की बँकेतल्या बाईंचे दोन्ही पाय वर उचलले गेले आणि गाडी मागे निघाली. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तो मी दाबला. बाईंना म्हटलं, "तुम्हाला नाही हो बोलले," पण त्यांनी त्या दिवशी पुन्हा काही स्टिअरिंग हातात धरलं नाही.

"मी जाणार आहे," धाकटी म्हणाली. "तू येशील?"

टकळी माझी भाची, धाकटीची मुलगी. तिचं खरं नाव कागदोपत्री होतं तेवढंच, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून तिची जी टकळी सुरू व्हायची ती झोपेतही थांबायची नाही. रविवारी मी तिला गाडीत मागे बसवायची, तर ती माझ्या विद्यार्थ्यांना आधीच सावध करायची. "काका, आरशात बघा. मावशी आता ओरडणार." आणि मी खरंच ओरडत असे. एका गृहस्थांनी तर मला सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्यापेक्षा मागच्या मॅडम चांगल्या शिकवतात."

मागच्या हिवाळ्यात तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ठेवलं, सलाइन लावलं. मी तेव्हा दुसऱ्या गावी लायसन्सच्या परीक्षेसाठी विद्यार्थी घेऊन गेले होते. सकाळी धाकटीशी फोनवर बोलताना टकळीची किरकिर मला ऐकू येत होती, पाणी दे, पाणी दे, असं चाललं होतं. संध्याकाळी मी परतले तेव्हा ती नव्हती.

त्या वॉर्डात एक नियम होता. ड्युटी बदलताना जुन्या नर्सेस नव्या नर्सेसना एकेका मुलाची माहिती देतात. तेवढा वेळ मुलांच्या सगळ्या आयांनी बाहेर जायचं आणि नर्सेसनी दार आतून लावून घ्यायचं. त्या दुपारीही घंटा वाजली आणि आया निमूटपणे बाहेर येऊन बाकांवर बसल्या. धाकटीही बसली. मग ती उठली, तिने दारावर टकटक केली. वॉचमनने सांगितलं, "ताई, माहिती देणं चाललंय, थोडं थांबा." ती थांबली. पुन्हा उठली, पुन्हा टकटक केली. आतून कुणीतरी काचेतून बघून हात केला, झोपलीये, शांत झोपलीये. धाकटी परत बाकावर येऊन बसली. दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

एवढंच तिने सांगितलं, तेही एकदाच. दारावर टकटक का केली, पोरीत तिला काय दिसलं होतं, ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला नाही, आमच्या आईला नाही. नवऱ्याला तर नाहीच. कारण टकळीला पोचवून आल्यावर तो भिंतीकडे बघत म्हणाला होता, "मी असतो तर दार तोडलं असतं." माणूस वाईट नाही. ते वाक्य त्याने पुन्हा कधी उच्चारलं नाही, उलट तेव्हापासून तो तिच्या पुढे-पुढे करतो, न सांगता भांडी घासतो, तिला चहा करून देतो. पण एकदा तोंडातून गेलेलं वाक्य घरात राहतंच. धाकटी चहा घेते, थँक्यू म्हणते, आणि मला बाजूला घेऊन तेच विचारते. "ताई, मी ओरडले असते तर?"

धाकटी लहानपणापासून अशीच. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ही आणखी एक पाऊल मागे सरकणार. घरात सगळा तोंडाचा पट्टा माझ्या वाट्याला आला आणि सगळी रीतभात तिच्या. आम्ही तिला त्यावरून किती चिडवलं असेल! आता ते सगळं चिडवणं आठवलं की जीव कासावीस होतो.

बैठकीला मी भांडायच्या तयारीनेच गेले. कुणाला काय बोलायचं ते रस्ताभर मनात घोळवलं, दोन सिग्नल त्या नादात चुकवले. खोली साधी होती. लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात बंद पडलेलं वजनाचं यंत्र. तिघंजण बसले होते. एक वॉर्डाचे डॉक्टर, डोक्यावर केस नाहीत आणि नजर टेबलावर. एक दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेल्या वयस्क डॉक्टरबाई, बैठक त्या चालवणार होत्या. आणि वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर, उंच, ताठ, गणवेशाला एक सुरकुती नाही. बघताक्षणी मी ठरवलं, हीच ती, दार बंद करणारी.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कोण चुकलं हे शोधायला आपण इथे बसलेलो नाही. काय चुकलं ते बघायचंय, म्हणजे पुढच्या मुलाच्या बाबतीत तसं होणार नाही."

"वा," मी म्हटलं. "म्हणजे चूक आभाळातून पडली."

धाकटीने टेबलाखालून माझा हात धरला, तशी मी गप्प बसले.

मग डॉक्टरांनी सांगितलं. सलाइनची सुई शिरेतून सरकली होती. पाणी शिरेत न जाता कातडीखाली जमत होतं. सकाळभर रडणारी मुलगी दुपारी शांत झाली, आणि सगळ्यांना वाटलं, चला, आराम पडला. ती शांतता आजाराची होती. तेव्हा कुणी तिला हात लावून पाहिलं असतं तर कळलं असतं. हे त्यांनी खाली बघतच सांगितलं, पण अडखळत का होईना, सगळं सांगितलं. मी इतकी तयारी करून आलेली, पण समोरचा आधीच कबूल करत असेल तर भांडायचं कशावरून?

डॉक्टरबाई धाकटीकडे वळल्या. "आई म्हणून तुम्हाला त्या दुपारी तिच्यात काय वेगळं वाटलं?"

धाकटीने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती नुसती म्हणाली, "मला बाहेर बसायला सांगितलं. मी बसले."

"घाई नाही. सावकाश सांगा."

"मी बसले," ती पुन्हा म्हणाली. आणि मग तिने तोच प्रश्न त्या तिघांना विचारला. "मी ओरडले असते तर?"

डॉक्टर काहीतरी सांगायला गेले, नक्की असं कुणीच सांगू शकत नाही वगैरे. मोठ्या सिस्टरनी त्यांना हातानेच थांबवलं.

"तर दार उघडलं असतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक ती वाचली असती."

धाकटीचा हात माझ्या हातात घट्ट झाला. मला वाटलं, आता उठावं आणि या बाईला दोन शब्द सुनवावेत. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण तुम्हाला ओरडावं लागायलाच नको होतं. तो नियम माझा होता. त्याआधी आमच्याकडे माहिती देताना कुणी ना कुणी मधे यायचं, बोलणं तुटायचं. एका मुलाला एकच औषध दोनदा गेलं. ते मूल वाचलं, पण मी हादरले. म्हणून मी ठरवलं की तेवढा वेळ दार बंद. चुका कमी झाल्या. लोकांनी माझं कौतुक केलं. मला वाटायचं, आया बाहेर असल्या की आमचं लक्ष विचलित होत नाही." त्यांनी चष्मा काढला. "पोरीकडे लक्ष असलेलं माणूसच मी बाहेर काढत होते. हे मला कळायला तुमची मुलगी जावी लागली. त्या दिवशी काचेतून मीच हात केला होता."

मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आलाही. पण तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण त्या बाईने माझ्यासाठी जागाच शिल्लक ठेवली नव्हती.

मग धाकटी म्हणाली, "आता आया कुठे असतात?"

"आत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मुलाजवळ. माहिती तिथेच, बेडपाशी देतो, आणि पहिला प्रश्न आईला विचारतो. मधे कुणी बोलायचं नाही, ती बोलत असताना तर मुळीच नाही."

"मला बघायचंय."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आज? झेपेल तुम्हाला?" धाकटी उठून उभीच राहिली होती.

दुपार होती, ड्युटी बदलायची वेळ होत आली होती. वॉर्डाचं दार उघडं होतं, बंद होऊ नये म्हणून त्याला खाली लाकडी पाचर ठोकली होती. बाहेरचे बाक रिकामे. वॉचमन तोच असावा. धाकटीला बघून तो उभा राहिला आणि काय करावं न सुचून पुन्हा बसला.

आत फिनेलचा आणि उकळलेल्या दुधाचा वास. नर्सेसचा घोळका एका बेडवरून दुसऱ्या बेडकडे सरकत होता. एक पोरगेली नर्स, बहुधा नवीनच लागलेली, प्रत्येक आईपाशी थांबून विचारत होती. एक आई फोनमध्ये गुंतलेली, न बघताच "बरंय" म्हणाली. नर्स हलली नाही. "नीट बघून सांगा हं," म्हणाली. तेव्हा त्या आईने फोन खाली ठेवला, मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि खरंच बघून सांगितलं. दुसरी आई बोलतच सुटली, तिच्या सासूचा दमा, रिक्षावाला, सगळं आलं त्यात. नर्स तेही ऐकत होती. मला टकळीची आठवण झाली. ती असती तर तिने नर्सला बोलूच दिलं नसतं.

खिडकीजवळचा बेड रिकामा होता. चादर धुतलेली, उशी सरळ. तो टकळीचाच बेड होता की नाही, मी विचारलं नाही. धाकटी चालत गेली आणि त्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मी आणि मोठ्या सिस्टर चार पावलं मागे होतो.

नर्स तिच्यापाशी आली. तिला काय माहीत? रिकामा बेड आणि शेजारी उभी असलेली एक बाई, एवढंच तिला दिसलं.

"एक्स-रे काढायला नेलंय का बाळाला?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न विचारला. "सकाळपेक्षा काही वेगळं वाटतंय का ताई तुम्हाला त्याच्यात?"

मी पुढे व्हायला निघाले. मोठ्या सिस्टरही निघाल्या होत्या. पण धाकटी बोलू लागली होती, आणि आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो.

"मुलगी आहे," धाकटी म्हणाली. "सकाळभर पाणी मागत होती. आता मागत नाही. मी पाणी पुढे केलं तरी बघत नाही. हात गार लागतायत तिचे, कोपरापर्यंत गार. आणि ती बोलत नाहीये. सिस्टर, माझी मुलगी कधी गप्प बसत नाही. झोपेतसुद्धा बडबडते. ही झोप नाहीये. मला काहीतरी वेगळं वाटतंय."

टकळी गेल्यापासून ती सलग इतकं बोलली नव्हती. आवाज मोठा नव्हता. दार तोडणारा तर नव्हताच.

नर्सचा चेहरा बदलला. "कोपरापर्यंत?" तिने विचारलं, आणि वळून वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "डॉक्टरांना बोलवा, लगेच!" आणि स्वतःच पळाली. तिच्या चपलेचा एक पट्टा निघाला तो तिने तसाच फरफटत नेला. मोठ्या सिस्टरनी तिला थांबवलं नाही. त्यांनी तोंडावर हात धरला होता.

डॉक्टर आले, दुसरेच, तरुण. धापा टाकत, गळ्यातलं यंत्र हातात धरलेलं. मागे ती नर्स, एक पाय ओढत. दोघं रिकाम्या बेडपाशी येऊन थबकले.

"कुठे आहे मुलगी?" त्यांनी विचारलं.

मी या माणसाला सांगायला हवं होतं. आख्ख्या घराचा तोंडाचा पट्टा माझ्याकडे, आणि मला एक शब्द सुचेना. उजवा पाय मात्र, गाडीतला ब्रेक दाबावा तसा, जमिनीवर गच्च दाबलेला होता.

धाकटीने कठडा सोडला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"ती नाहीये आता," ती म्हणाली. "पण तुम्ही लवकर आलात."