पाठमोरी खुर्ची

"ताई, मी सांगितलं असं काकांना बोलू नकोस हां," भूपेश फोनवर म्हणाला. "मी फोर्कलिफ्ट मागे घेत होतो. बीप-बीप चालू होतं. सगळे बाजूला झाले, काका तिथेच उभे. ब्रेक मारला तेव्हा हातभर राहिलं होतं. वर माझ्यावरच खेकसले, ओरडतोस कशाला म्हणून."

भूपेश कामणच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. माझे बाबा, सदानंद, तिथल्याच आवारात उभे राहून ट्रकमध्ये माल चढवून घेतात. त्याआधी एकोणीस वर्षं ते खिळ्यांच्या कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात होते.

फोन ठेवून मी कपाटातून बाबांचे तपासणीचे कागद काढले. गोदामात दर वर्षी तपासणीची गाडी येते, त्यात कानही तपासतात. मी फिजिक्स शिकले आहे, आलेख बघायची सवय आहे. बाबांचा आलेख म्हणजे पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ होती. दोन्ही कान, सगळे सूर, तिन्ही वर्षं. यंत्राला काढता येईल तो सर्वांत हळू आवाजही त्यांनी प्रत्येक वेळी ऐकला होता. चोपन्न वर्षांच्या माणसाचे कान असे नसतात. माझेही नसतील.

जेवण झाल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. "हे कसं केलंत?"

बाबा हसले. "काचेतून बाई दिसते. बटन दाबताना तिचा खांदा हलतो. खांदा हलला की बोट वर करायचं. आमच्या गोदामातल्या सॅन्टनला पन मीच शिकवलं."

"बाबा, हसू नका."

"मग काय करू? ऐकू येत नाही म्हनून सांगू? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. आनि येतं की मला! आता तू बोलतेस ते ऐकतोयच ना?"

ऐकत होते. मला भीती त्याचीच वाटली. बोलण्यातले खालचे सूर पोचत होते, म्हणून वरचे गेल्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"गॅलरीत चला," मी म्हटलं. "खाडीकडे तोंड करून उभे राहा. मी मोबाईलवर फोर्कलिफ्टसारखा बीप लावते. ऐकू आला की बोट वर करायचं. मागे वळायचं नाही."

"झाली बाई हिची शाळा सुरू," म्हणत ते उभे राहिले.

स्वयंपाकघराच्या दारातून मी बीप लावला. आवाज पूर्ण वाढवला. तिथून गॅलरीपर्यंत आठ पावलं आहेत. मी मोबाईल पुढे धरून एकेक पाऊल टाकत गेले, फोर्कलिफ्ट गेली असेल तशी. तिसरं पाऊल. पाचवं. बाबांचे हात कठड्यावर होते. सातवं. मोबाईल त्यांच्या मानेपासून हातभर अंतरावर आला.

"अगं लाव ना," बाबा म्हणाले. "किती वेळ उभं करतेस?"

ते वैतागून वळले. आधी त्यांना मोबाईल दिसला. मग माझ्या मागे दारात उभी असलेली आई. तिने दोन्ही कानांत बोटं घातली होती.

"वाजतोय हा?" बाबांनी विचारलं.

"अहो, केव्हाचा वाजतोय."

बाबांनी मानेवरून हात फिरवला. "भूपेश ओरडला त्या दिवशी इथे गरम वारा लागला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, गाडी बाजूने गेली."

शनिवारी आम्ही वसईला कान तपासायला गेलो. तिथली तपासणारी मार्गारेट माझ्याच वयाची होती.

"काका, गेलेलं ऐकणं परत येणार नाही," ती म्हणाली. "पण कानातल्या मशीनची मदत होईल. जे सूर तुम्हाला येत नाहीत, तेच मशीन मोठे करणार. कुठले ते ह्या आलेखावरून ठरतं. आलेख चुकला तर मशीन कानात असून नसल्यासारखं. आणि मशीन लावलं तरी गाड्यांच्या मागे उभं राहायचं नाही. तसं तुमच्या साहेबांना सांगावं लागेल."

बाबांचा चेहरा उतरला. ते काचेपलीकडच्या लहान खोलीत जाऊन बसले.

खुर्चीची बाजू काचेकडे होती. मार्गारेटने बटण दाबलं, बाबांचं बोट वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. त्यांची नजर कुठे होती ते मला दिसत होतं. काचेवर थाप मारावी असं वाटलं, पण हात उचलवेना. सोमवारी ते परत त्या आवारात जाणार होते, सरळ रेघेचा कागद घेऊन.

मग बाबांनी तळहात दाखवून मार्गारेटला थांबवलं. उठले, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मार्गारेटने बटण दाबलं. गुडघ्यावरचा हात हलला नाही. तिने आवाज वाढवला. मी मोजत होते. तीन. चार. तीच पाठ, तीच मान. पाच. सहा. सातव्या वेळी बोट किंचित उचललं गेलं, विचारल्यासारखं थांबलं आणि मग वर आलं.

मार्गारेटने कागदावर पार खाली, मोठ्या आवाजांच्या रांगेत, खूण केली आणि पुढचा सूर लावला. हात गुडघ्यावरच होता. मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.